आयसीयूतल्या माणसाला ‘पडू द्या’ म्हणताय? या चुका टाळा

“अहो, त्यांना कशाला बसवताय? एवढं दुखणं झालंय, जरा पडू द्या की!”

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला पलंगाच्या कडेला बसवायची तयारी सुरू केली, की नातेवाइकांकडून हे वाक्य हमखास येतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि या वाक्यामागची माया मला समजते. पण सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं, म्हणून आधी तिच्याबद्दल.

गंभीर आजारात स्नायू फार झपाट्याने झिजतात. लंडनमधल्या डॉक्टरांनी 63 रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने मोजला होता. 2013 साली आलेल्या त्या अभ्यासात दहा दिवसांत स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ जवळजवळ 18 टक्क्यांनी घटलेलं दिसलं. जंतुसंसर्ग, शरीरातला दाह आणि पडून राहणं, तिन्ही मिळून हे करतात. पहिल्या दोन गोष्टींवर डॉक्टर औषधं देतात. तिसरी आपल्या हातात असते. अमेरिकेतल्या 104 रुग्णांवरच्या 2009 च्या एका चाचणीत दोन्ही गटांचं गुंगीचं औषध रोज थांबवलं जायचं, पण एका गटाला श्वासाची नळी असतानाच व्यायाम सुरू केला. या गटातले 59 टक्के लोक घरी जाताना आपली कामं आपण करू शकत होते. व्यायामाबाबत नेहमीचीच पद्धत ठेवलेल्या दुसऱ्या गटात हे प्रमाण 35 टक्के होतं.

म्हणून राउंडच्या वेळी डॉक्टरांना थेट विचारा, “आज गुंगीचं औषध कमी करता येईल का? फिजिओ कधी सुरू होणार?” हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

उलटी चूकही होते

काही घरचे भेटीच्या वेळेत स्वतःच रुग्णाला उठवायला जातात. कृपा करून तसं करू नका. एक नळी निसटली, रक्तदाब एकदम पडला, तर निस्तरणं कठीण होतं. शिवाय जास्त व्यायाम म्हणजे जास्त फायदा, असंही नाही. 2022 साली 750 रुग्णांच्या मोठ्या चाचणीत एका गटाला रोज सरासरी 21 मिनिटं हालचाल दिली, दुसऱ्याला 9 मिनिटं. सहा महिन्यांनी जास्तवाल्यांना वेगळा लाभ दिसला नाही, उलट हालचालीदरम्यानचे त्रास जास्त झाले. आमच्यातल्या काहींनी याचा अर्थ ‘व्यायाम निरुपयोगी’ असा लावला, तो मला पटत नाही. दुसरा गटसुद्धा रोज हलत होताच! किती आणि कधी, हे त्या दिवशीचा ऑक्सिजन, रक्तदाब आणि रुग्णाची शुद्ध बघून ठरवायचं असतं.

“बाबा, असं काय बरळताय?”

भिंतीवर मुंग्या दिसतात, सिस्टर विष देताहेत असं वाटतं, मुलगा ओळखू येत नाही. हा भ्रम आजारातून येतो, रुग्णाला वेड लागलेलं नसतं. वाद घालू नका, रडूही नका. “बाबा, मी तुमचा मोठा, आज मंगळवार, सकाळचे दहा वाजलेत” असं शांतपणे सांगा. आणि चष्मा व कानाचं यंत्र घरी कपाटात ठेवू नका! दिसत नाही, ऐकू येत नाही, अशा माणसाचा गोंधळ वाढणारच. दोन्ही नाव लिहून सिस्टरांकडे द्या.

नळी निघाल्यावर लगेच चमच्याने पाणी पाजणं ही आणखी एक धोक्याची गोष्ट. गिळण्याचे स्नायूही दुबळे झालेले असतात, पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. गिळण्याची तपासणी होईपर्यंत थांबा.

घरी आल्यावर

डिस्चार्ज मिळाला म्हणजे माणूस बरा झाला, असं धरून चालू नका. टोरांटोच्या डॉक्टरांनी फुप्फुसं गंभीर निकामी होऊन वाचलेल्या 109 जणांचा पाठपुरावा केला होता. वर्षानंतर त्यातले जेमतेम निम्मे कामावर परतले होते, आणि मुख्य अडचण स्नायूंच्या अशक्तपणाची होती.

इथे घरची माणसं दोन टोकांना जातात. एकीकडे पाण्याचा पेलासुद्धा हातात देतात. पेला त्यांना उचलू द्या, शर्टाची बटणं त्यांना लावू द्या, वेळ लागला तर लागू दे. खुर्चीतून उठणं-बसणं हा घरातला उत्तम व्यायाम, सुरुवातीला कोणीतरी शेजारी उभं राहून. दुसरीकडे महिन्याभरात “आता आळस पुरे” सुरू होतं. विसरभोळेपणा, चिडचिड, रात्री दचकून उठणं हे आळसाचे प्रकार नव्हेत. ते आयसीयूनंतरच्या त्रासाचाच भाग आहेत आणि त्यांनाही डॉक्टर लागतो.

नुसत्या पेजेवर स्नायू भरत नाहीत. डाळ, दही, अंडी, पनीर, मासे, जे घरात चालतं ते रोजच्या जेवणात हवं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

छातीत दुखलं, बोलताना धाप लागली, भोवळ आली, तर व्यायाम तिथेच थांबवून डॉक्टरांना कळवा. एकच पोटरी सुजली तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते. ती चोळू नका, त्याच दिवशी दाखवा.

आणि एक साधी वही ठेवा. आयसीयूत असतानाच रोज दोन ओळी लिहा: आज डोळे उघडले, आज खुर्चीत बसवलं, आज मावशींनी केस विंचरले. गुंगीतल्या दिवसांचं रुग्णाला एकतर काहीच आठवत नाही, नाहीतर भयानक काहीतरी आठवतं. तारीख घालत चला, आणि ते स्वतः मागतील तेव्हाच वही हातात द्या.