वडापाव न सोडता खाण्यावर ताबा कसा ठेवावा

‘सोमवारपासून बाहेरचं सगळं बंद’ हा सल्ला कृपा करून कोणाला देऊ नका. ऑफिसपासून स्टेशनपर्यंत ज्याला वडापावच्या चार-पाच गाड्या लागतात, त्याची बंदी गुरुवारपर्यंत मोडते. आणि मोडली की एका वडापाववर भागत नाही.

त्यापेक्षा रविवारीच दोन दिवस ठरवा: बुधवारी वडापाव, शनिवारी घरच्यांबरोबर पावभाजी. इतर दिवशी डबा. त्यात पोळीभाजीबरोबर उसळ किंवा घट्ट वरण हवंच.

सगळं बिघडतं ते संध्याकाळी. डबा १ वाजता आणि रात्रीचं जेवण ९ वाजता, म्हणजे मधे आठ तास. सहाच्या सुमाराला तळणीचा वास आला की भुकेलेला माणूस विचार करत नाही, आणि यात त्याचा दोष नाही. अशा वेळी ‘पाणी प्या’ सांगणाऱ्यांचं ऐकू नका. पोट थोडा वेळ भरल्यासारखं वाटतं, भूक तिथेच असते. नुसतं सफरचंदही पुरत नाही, कुर्ला येईपर्यंत पुन्हा भूक लागते. चहाबरोबरची बिस्किटं म्हणजे मैदा आणि साखर, ती तर नकोतच.

बरोबर ५ वाजता, जागेवरून उठण्याआधी, ३० ग्रॅम सालासकट फुटाणे आणि एक ग्लास ताक घ्या. फुटाण्यांतून सहाएक ग्रॅम प्रथिनं मिळतात, सालातून चोथा. फुटाणे नको असतील तर उकडलेलं अंडं आणि केळं. ‘लोकलमध्ये खाईन’ म्हणू नका: गर्दीत डबा उघडता येत नाही आणि लोकलआधी स्टॉल लागतो. फुटाणे किलोभर आणून ठेवू नका, पावसाळ्यात ते आठवड्यात सादळतात, आणि सादळले की ही सवयच सुटते. पाव किलो आणा, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

वडापावच्या दिवशीही फुटाणे खायचेच, निम्मे. मग एकच वडापाव, गरम, सावकाश. चुरा मागू नका, ते तेलात तळलेलं नुसतं बेसन असतं. कढईतलं तेल काळपट असेल, फेस धरत असेल, तर पुढच्या गाडीवर जा. एका वडापावमध्ये साधारण ३०० कॅलरी असतात. तो जेवणाच्या जागी धरायचा, जेवणावर वरून नाही. रात्री पोळी-भात सोडा, वाटीभर मुगाचं वरण आणि कोशिंबीर घ्या. जेवण पूर्ण टाळलंत तर ११ वाजता फरसाणाचा डबा उघडाल. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल, तर जेवणात असे बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

कटिंगमधल्या साखरेकडे कोणी बघत नाही. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असणं उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक चमचा म्हणजे चार-पाच ग्रॅम, म्हणजे दोन-दोन चमच्यांच्या तीन चहांत तेवढी होतेच. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, जीभ सरावते.

गणपतीत मात्र उकडीचे दोन मोदक वरून तूप घालून खा, आणि त्या जेवणात भात घेऊ नका. दहा घरी दर्शनाला गेलात तर प्रत्येक पेढा तिथेच संपवण्याची गरज नाही. चिमूटभर तोंडात घाला, बाकीचा घरी न्या.