भिंती उभ्या राहण्याआधी : सर्वांना वावरता येईल अशा घराच्या तयारीची यादी

नकाशा कागदावर आहे तोवरच ही यादी हाती घ्या. कागदावरचं दार चार इंच रुंद करायला खोडरबर पुरतं. बांधून झालेल्या भिंतीतलं दार रुंद करायचं तर चौकट काढा, लिंटेल (दारावरची आडवी तुळई) फोडा, घरभर धूळ. आणि हे काम निघतं नेमकं तेव्हा, जेव्हा घरातलं कोणीतरी नुकतंच दवाखान्यातून परत आलेलं असतं. आमच्याकडे तसंच झालं. आईला अर्धांगवायूचा झटका आला, ती घरी आली आणि पहिल्याच दिवशी कळलं की तिची व्हीलचेअर 26 इंच रुंद आहे आणि बाथरूमच्या दारातली मोकळी जागा 24 इंच. पुढचे दोन महिने आम्ही तिला दारापर्यंत खुर्चीवरून न्यायचो आणि तिथून उचलून आत. त्याचा तिला किती त्रास व्हायचा हे ती कधी बोलली नाही. ती पाणी कमी प्यायला लागली, तेव्हा आमच्या लक्षात आलं.

म्हणून यादीचं पहिलं पान घराचं नाही, माणसांचं. घरात राहणारे, वरचेवर येणारे आणि आणखी वीस वर्षांनी आपण स्वतः, हे सगळे त्यात धरा. प्रत्येकाची मापं घ्या. खुर्चीत बसल्यावर हात वर कुठवर पोचतो, गुडघा जमिनीपासून किती उंच येतो, कुठल्या उंचीवरून आधाराशिवाय उठता येतं, कुठला हात बळकट आहे. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण ज्याची उजवी बाजू लुळी आहे त्याला उजवीकडे बसवलेला आधाराचा दांडा काही कामाचा नाही. कोणाला ऐकू कमी येतं, कोणाला रात्री दिसत नाही, कोण विसरतं, कोणाला मोठा आवाज सहन होत नाही, हेही लिहा. अडचण व्हीलचेअरपुरती असते असं समजलं की अर्धी यादी तिथेच गळते.

आता रस्त्यापासून पलंगापर्यंतची वाट मनात चाला. निदान एक प्रवेश पायरीविना हवा, आणि तो मागच्या अंगाचा नको, सगळे जिथून येतात तोच हवा. प्लिंथची, म्हणजे जोत्याची उंची ठरवतानाच याचा विचार केला तर जमिनीलाच हलका उतार देता येतो आणि रॅम्प म्हणून वेगळं काही बांधावं लागत नाही. रॅम्प लागणारच असेल तर जगभर मानलं जाणारं प्रमाण 1:12, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्यांच्या जागी 18 फूट लांब रॅम्प येतो, शिवाय वर आणि खाली पाच-पाच फुटांची सपाट जागा. एवढी जागा प्लॉटवर आहे का, ते आज मोजा, कारण जागा कमी पडली की उतार तीव्र केला जातो आणि मग तो रॅम्प ढकलणाऱ्याला दमवतो, उतरणाऱ्याला घाबरवतो. जमल्यास 1:12 पेक्षाही सौम्य ठेवा. रुंदी निदान तीन फूट, दोन्ही बाजूंना कठडा, कडेला चाक घसरून खाली जाऊ नये म्हणून चार इंचांची कड, पृष्ठभाग खरखरीत. दाराशी छप्पर हवं, कारण कुबडीवर उभं राहून पावसात किल्ली शोधणं फार अवघड जातं.

दाराच्या बाबतीत एक गोष्ट मिस्त्रीला पुन्हा पुन्हा सांगावी लागते: माप चौकटीचं घ्यायचं नाही, पल्ला नव्वद अंशात उघडल्यावर उरणाऱ्या मोकळ्या जागेचं घ्यायचं. पल्ल्याची जाडी आणि बिजागरी दोन-अडीच इंच खातात. मोकळे 32 इंच हवे असतील तर पल्ला 36 इंचांचा मागवा. हे घरातल्या प्रत्येक दाराला लागू आहे, बाथरूमच्या दाराला तर आधी. पल्ला आपल्याकडे ओढायचा असेल तर हँडलच्या बाजूला भिंतीलगत दीड फूट मोकळी जागा ठेवा. नाहीतर खुर्चीतला माणूस हँडलपर्यंत पोचतो, पण दार उघडायला मागे सरकतो तेव्हा पल्ला त्याच्याच पायांवर येतो. गोल मुठीऐवजी दांडीचं हँडल घ्या, ते कोपरानेही दाबता येतं. उंबरठा शक्यतो नको, असलाच तर अर्ध्या इंचाच्या आत आणि कडा तासलेल्या.

व्हीलचेअर जागच्या जागी फिरायला साधारण पाच फूट व्यासाचं वर्तुळ लागतं. अडीच फुटांची दोरी आणि खडू घेऊन मोकळ्या जमिनीवर ते एकदा काढून बघा. मग नकाशातली प्रत्येक खोली त्यावर ताडा: बाथरूममध्ये, पलंगाशेजारी, ओट्यासमोर, बोळाच्या टोकाला हे वर्तुळ कुठे बसतं? फर्निचर लावल्यावरही बसतं का? रिकाम्या खोलीच्या नकाशावर सगळंच मावतं, म्हणून कपाटं, पलंग, वॉशिंग मशीन त्याच प्रमाणात कापून नकाशावर ठेवा.

बाथरूमला यादीतला सर्वात जास्त वेळ द्या. माझ्या मते घर सोयीचं आहे की नाही हे तिथेच ठरतं. 'युनिव्हर्सल डिझाइन' ही संज्ञा ज्यांच्यामुळे रूढ झाली ते अमेरिकन वास्तुविशारद रोनाल्ड मेस यांना लहानपणी पोलिओ झाला होता. नॉर्थ कॅरोलायनाच्या विद्यापीठात वास्तुरचना शिकताना त्यांना वर्गात जाण्यासाठी जिन्यावरून उचलून न्यावं लागे आणि स्वच्छतागृहात त्यांची खुर्ची शिरत नसे. 1966 मध्ये ते पदवीधर झाले आणि पुढे उभ्या केलेल्या कामात त्यांचा आग्रह हाच राहिला की काही जणांसाठी वेगळी सोय न करता मूळ रचनाच सर्वांना पुरेल अशी करावी. त्यांची ती गोष्ट वाचली तेव्हा मला आमचे ते 24 इंच आठवले.

बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं ठेवा. आत कोणी पडलं आणि दाराला टेकून पडलं, तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. कडी बाहेरून उघडता येईल अशी घ्या. आंघोळीची जागा बाकी फरशीच्या समपातळीत हवी, मध्ये कठडी नको. त्यासाठी तिथला स्लॅब किती खाली घ्यायचा हे काँक्रीट ओतण्याआधी ठरलं पाहिजे. पाणी वाहून जायला फुटाला पाव इंच उतार पुरतो, आणि मध्ये कठडी नसल्याने वॉटरप्रूफिंग पूर्ण खोलीला करावं लागतं. लाद्या छोट्या आणि मॅट घ्या. सांधे जास्त म्हणजे पायाला पकड जास्त.

आणि आधाराचे दांडे. ते आज बसवले नाहीत तरी चालेल, पण त्यांची मुळं आज रोवा. कमोडच्या बाजूची आणि मागची भिंत, आंघोळीच्या जागेच्या भिंती, इथे अखंड विटा किंवा काँक्रीट हवं. पोकळ ब्लॉक किंवा बोर्डाची भिंत असेल तर लाद्यांच्या मागे जाड प्लाय किंवा लाकडी पट्ट्या बसवून घ्या. दांड्याने निदान 115 किलो भार सोसला पाहिजे, कारण घसरणारा माणूस सगळं अंग त्यावर टाकतो. उंची फरशीपासून 33 ते 36 इंच, भिंत आणि दांडा यांत दीड इंच फट. फट त्याहून जास्त असेल तर हात आत सरकून कोपर अडकतं. टॉवेलची दांडी हा आधार नाही, पण तोल गेल्यावर हात तिच्याकडेच जातो. म्हणून तीही भार घेणारीच बसवा.

कमोडची बसण्याची उंची 17 ते 19 इंच. खुर्चीची बैठक जेवढी उंच तेवढीच कमोडची असली की सरकून जाणं सोपं पडतं, मात्र घरात बुटकं कोणी किंवा लहान मूल असेल तर पायाखाली ठेवायला पाट लागेल. बेसिनखाली गुडघे जायला 27 इंच उंचीची मोकळी जागा सोडा आणि तिथला गरम पाण्याचा पाइप गुंडाळून घ्या; कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाच्या मांडीला तो चटका देतो आणि त्याला ते कळतही नाही. नळ असा बसवा की धारेखाली न जाता पाणी आधी हाताने पाहता येईल. नळातून येणाऱ्या पाण्याचं तापमान 49 अंश सेल्सियसच्या वर जाऊ नये, त्यासाठी थर्मोस्टॅटिक मिक्सर मिळतो. साठ अंशांचं पाणी काही सेकंदांतच भाजतं, आणि ज्याला चटकन बाजूला होता येत नाही त्याला तेवढे सेकंद पुरेसे असतात.

उजेडाकडे वळा. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. म्हणून दिवे वाढवा, पण चकाकी वाढवू नका: दिव्याचा बल्ब थेट डोळ्यांत येऊ नये, फरशी आरशासारखी नको. त्याहून महत्त्वाचा रंगांतला फरक. पांढऱ्या लादीवर पांढरा कमोड दृष्टी अधू असलेल्याला दिसत नाही, बैठक गडद घेतली तर दिसते. दाराची चौकट भिंतीहून वेगळ्या छटेची, बटणांच्या पाट्या वेगळ्या, जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला ठळक पट्टी. मात्र सपाट जमिनीवर काळा पट्टा किंवा काळं पायपुसणं टाळा. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला तो खड्डा वाटतो आणि तो तिथेच थबकतो. पलंगावरून कमोड किंवा निदान त्याचं दार दिसेल अशी मांडणी केली, तर रात्री वाट शोधावी लागत नाही. बटणं जमिनीपासून 40 ते 48 इंचांत, सॉकेट निदान दीड फूट वर, पलंगाच्या हाताशी एक बटण.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांची वायरिंग आजच करून ठेवा. दारावरच्या घंटेसोबत दिवा लुकलुकला पाहिजे, तोही झोपायच्या खोलीत आणि बाथरूममध्येही. धुराचे नेहमीचे अलार्म 3000 हर्ट्झच्या आसपासच्या तीव्र स्वरात वाजतात आणि वयानुसार कान आधी तेच स्वर गमावतात. 520 हर्ट्झचा खालच्या पट्टीतला अलार्म मिळतो, तो अशांना जास्त खात्रीने जागं करतो. पूर्ण बहिरेपणात उशीखालची थरथरणारी चकती लागते, तिच्यासाठी पलंगामागे सॉकेट हवं.

स्वयंपाकघरात सगळा ओटा एका उंचीचा नको. उभ्याने काम करायला 36 इंच आणि बसून करायला 30 ते 34 इंचांचा, खालून मोकळा एक भाग ठेवा. तो मुलांनाही आवडतो. खालच्या कपाटांऐवजी पूर्ण बाहेर येणारे खण घ्या. शेगडीची बटणं पुढे हवीत, ज्वाळेवरून हात न्यावा लागू नये, पण घरात तान्हं असेल तर त्यांना लॉक हवं.

अशा ठिकाणी गरजा एकमेकींशी भांडतात आणि ते आधीच मान्य केलेलं बरं. चाकाला कड नको असते, अंध माणसाच्या पांढऱ्या काठीला कड हवी असते. तिथे पातळी एकच ठेवून फरशीचा पोत बदलावा. एकाला भरपूर उजेड लागतो, दुसऱ्याला तोच टोचतो, तिथे उजेड कमी-जास्त करणारं बटण, म्हणजे डिमर. नकाशा काढणाऱ्याने एकट्याने हे ठरवू नये. ज्याला त्या घरात राहायचं आहे त्याला समोर बसवून विचारा, आणि तो सांगेल ते लिहून घ्या, सोबत आलेल्या नातलगाचं नंतर.

दुमजली घर असेल तर झोपायची एक खोली आणि पूर्ण बाथरूम तळमजल्यावरच ठेवा. पुढे लिफ्ट लागेल असं वाटत असेल तर दोन्ही मजल्यांवर पाच बाय पाच फुटांची कपाटं बरोबर एकावर एक काढा आणि मधल्या स्लॅबचा तेवढा भाग काढता येईल असं डिझाइन इंजिनिअरकडून करून घ्या. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, आणि सगळ्या पायऱ्या अगदी सारख्या उंचीच्या. पाय पहिल्या दोन पायऱ्यांवर उंचीचा अंदाज बांधतो आणि वेगळ्या निघालेल्या पायरीवर माणूस पडतो.

एवढं सगळं बजेटमध्ये बसत नसेल तर तीन गोष्टी सोडू नका. अमेरिकेतल्या अटलांटात एलिनॉर स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 पासून प्रत्येक नव्या घरासाठी एवढीच मागणी धरून ठेवली: पायरीविना एक प्रवेश, रुंद दारं, आणि मुख्य मजल्यावर वापरता येईल असं स्वच्छतागृह. हे असलं की व्हीलचेअरवरचा मित्र निदान घरी येऊ शकतो, तासभर बसू शकतो.

लाद्या बसवण्याच्या आदल्या दिवशी भिंतींना टेप लावून प्रत्येक आधारपट्टीचा फोटो काढा, फरशीपासूनचं आणि कोपऱ्यापासूनचं अंतर फोटोत दिसू द्या. काम संपत आलं, पण शेवटचं बिल द्यायचं राहिलं असेल, तेव्हा एक व्हीलचेअर भाड्याने आणा आणि गेटपासून पलंगापर्यंत, पलंगापासून कमोडपर्यंत कोणाच्याही मदतीशिवाय जा. तीच वाट रात्री दिवे मालवून पुन्हा जा. जिथे अडाल तिथे भिंतीवर खडूने खूण करा, मिस्त्री अजून कामावर आहे तोवर ती दुरुस्त करून घ्या. फोटो आणि मापं छापून मुख्य वीजपाटीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, म्हणजे दहा वर्षांनी दांडा बसवायला येणाऱ्याला ड्रिल कुठे मारायचं ते शोधत बसावं लागणार नाही.