एनआरआय आहात? दिवस मोजताना या चुका टाळा

दुबईत राहणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात एकच आकडा पक्का बसलाय, १८२. वर्षात भारतात तेवढे दिवस भरायच्या आत परत गेलो की टॅक्ससाठी आपण एनआरआय, विषय संपला. माझ्या आतेभावानेही हेच धरलेलं, गणपतीला पंधरा दिवस, दिवाळीला तीन आठवडे, मग आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, करत करत १३४ दिवस झाले आणि टॅक्स रिटर्न नॉन रेसिडेंट (म्हणजे एनआरआय) म्हणून भरून टाकला. पण पुण्यातल्या दोन फ्लॅटचं भाडं आणि एनआरओ (एनआरआयचं भारतातल्या कमाईसाठीचं बँक खातं) एफडीचं व्याज धरून भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर जात होतं आणि अशांना २०२० पासून मर्यादा १२० दिवसांची आहे, आधीच्या ४ वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात झाले असतील तर. म्हणजे आधी इथलं उत्पन्न मोजा, मग दिवस.

दिवस मोजायचे ते एप्रिल ते मार्च. यूएईसोबतच्या, दुहेरी टॅक्स टाळायच्या करारातले तिथे राहायचे १८३ दिवस मात्र जानेवारी ते डिसेंबर, इथे फार लोक घोळ घालतात. आणि तिकिटावरची तारीख धरू नका, पासपोर्टवरचा शिक्का बघा. भावाचं विमान रात्री ११:४० ला मुंबईत उतरलेलं आणि त्याने मोजायला सुरुवात केली दुसऱ्या दिवसापासून. आल्याचा आणि गेल्याचा दोन्ही दिवस धरून चला, उगाच वाद नको.

दुसरी चूक म्हणजे घाबरणं. भारतीय नागरिक, इथलं उत्पन्न १५ लाखांवर आणि रहिवासी म्हणून दुसऱ्या कुठल्याच देशात टॅक्स लागत नाही, अशाला कायदा एक दिवसही इथे न राहता रेसिडेंट मानतो. हे वाचून लोकांना वाटतं आता दुबईच्या पगारावरही इथे टॅक्स लागणार. तसं नाहीये, तुम्ही 'नॉट ऑर्डिनरिली रेसिडेंट' ठरता, १२० ते १८१ दिवसवालेही तेच, आणि तिथल्या नोकरीच्या पगारावर इथे टॅक्स लागत नाही. लागतो तो बाहेरच्या धंद्यावर, ज्याचा कारभार भारतातून चालतो, आणि मला विचाराल तर हे योग्यच आहे, कागदावर दुबई आणि सगळे निर्णय पुण्याच्या ऑफिसात, असं करणाऱ्या पैसेवाल्यांसाठीच तर हा नियम आणला.

भावाची मुदत शिल्लक होती म्हणून रिव्हाइज्ड, म्हणजे दुरुस्त केलेला, रिटर्न भरता आला. आता तो प्रत्येक ट्रिपनंतर शिक्क्याचा फोटो काढून सीएला पाठवतो.