फोटोशॉप ‘बिघडलं’ म्हणण्याआधी: फोटो एडिटिंगमधल्या रोजच्या कटकटी आणि या चुका टाळा

ब्रश फिरवला तरी काही उमटत नाही, निम्मे मेनू फिके पडलेत, ‘त्र्यंबकेश्वर’ लिहिलं की अक्षरं विस्कटतात. अशा वेळी पहिला विचार येतो सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायचा. तो आवरा. बहुतेक वेळा एखादी की चुकून दाबली गेलेली असते, नाहीतर आधीच्या कामाचं सेटिंग तसंच राहिलेलं असतं. सॉफ्टवेअर पुन्हा टाकताना जुनी प्रेफरन्सेस (आपण केलेली सेटिंगं) ठेवली, तर ती कटकटही जशीच्या तशी परत येते.

ब्रश चालत नाही

आधी कंट्रोल+डी दाबा. कुठेतरी कोपऱ्यात चार पिक्सेलचं सिलेक्शन राहून गेलेलं असतं आणि ब्रश फक्त त्याच्या आतच चालतो. कंट्रोल+एच दाबलं गेलं असेल तर सिलेक्शनची हलणारी रेषाही दिसत नाही, त्यामुळे माणूस उगाच दुसरीकडे शोधत बसतो. कंट्रोल+डीने सुटलं नाही तर लेयर्स पॅनेल, म्हणजे चित्राच्या एकावर एक थरांची यादी, बघा. लेयरला कुलूप आहे का? लेयरच्या चित्राभोवती चौकट आहे की शेजारच्या मास्कभोवती (मास्क म्हणजे लेयरचा कुठला भाग दिसेल ते ठरवणारा काळा-पांढरा पडदा)? मास्क निवडलेला असेल तर काळा ब्रश फिरवल्यावर रंग उमटत नाही, फोटोच गायब होत जातो. मग वरच्या पट्टीत ब्रशचा मोड ‘नॉर्मल’ आणि ओपॅसिटी १०० आहे ना ते पाहा. तरीही अडलं तर पट्टीच्या डाव्या टोकाला असलेल्या टूलच्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘रीसेट टूल’ करा.

क्लोन स्टॅम्प किंवा हीलिंग ब्रश नव्या रिकाम्या लेयरवर काहीच करत नसेल, तर ‘सॅम्पल’मध्ये ‘करंट लेयर’ निवडलेलं असणार. ते ‘करंट अँड बिलो’ करा.

मेनू फिके पडलेत? नेटवरून उचललेला लोगो असेल तर त्याचा मोड ‘इंडेक्स्ड’ (मोजक्याच रंगांचा) असू शकतो. इमेज, मोड, आरजीबी कलर (स्क्रीनचे लाल-हिरवा-निळा रंग) असं केलं की मेनू जागे होतात. सीएमवायके (छपाईच्या चार शायांच्या) मोडमध्येही बरेच फिल्टर बंदच असतात, त्यात बिघाड काही नाही.

चुकून दाबलेली एक की

ब्रशचा गोल जाऊन बारीक फुली दिसतेय, तर कॅप्स लॉक चालू आहे. सगळी पॅनेलं गेली असतील तर टॅब दाबा. स्क्रीन काळी होऊन वरचा मेनू गेला असेल तर एफ दाबत राहा, नेहमीची स्क्रीन परत येते. मूव्ह टूल हातात असताना आकडा दाबला तर अख्ख्या लेयरची ओपॅसिटी बदलते. ५ दाबलं की ५० टक्के. फोटो अचानक फिका पडला तर शून्य दाबा, पुन्हा १०० होईल.

सगळ्यात फसवी की आहे कंट्रोल+वाय. वर्डच्या सवयीने माणूस ‘रीडू’साठी ती दाबतो आणि फोटोशॉपमध्ये मात्र ‘प्रूफ कलर्स’ चालू होतं, म्हणजे छापल्यावर रंग कसे दिसतील त्याचा अंदाज. रंग एकदम मळकट होतात. मग तेवढ्यावर सॅचुरेशन वाढवलं जातं आणि मूळ फाइल भडक होऊन बसते. फाइलच्या नावाशेजारी ‘आरजीबी/८’ नंतर आणखी एक तिरकी रेघ आणि ‘सीएमवायके’ असं दिसलं की समजायचं. पुन्हा कंट्रोल+वाय दाबलं की सुटलं. फोटोशॉपमधलं खरं रीडू कंट्रोल+शिफ्ट+झेड.

जुना व्हिडिओ, नवं फोटोशॉप

जुने धडे पाहून शिकणाऱ्यांची फजिती होते ती मुख्यतः दोन बदलांमुळे. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या सीसी २०१९ पासून फोटो लहानमोठा करताना प्रमाण आपोआप राखलं जातं. पूर्वी त्यासाठी शिफ्ट धरावी लागायची. आता शिफ्ट धरली की उलट प्रमाण सुटतं. वाढदिवसाच्या बॅनरवरचे रुंद झालेले चेहरे बऱ्याचदा याच सवयीतून येतात. जुनी पद्धत हवी असेल तर प्रेफरन्सेसच्या ‘जनरल’मध्ये ‘यूज लेगसी फ्री ट्रान्सफॉर्म’ला टिक करा. एकाच दुकानात दोन मशीनवर दोन आवृत्त्या असतील तर दोन्हीकडे एकच पद्धत ठेवलेली बरी.

दुसरा बदल २०२१ चा. लेयर असलेली फाइल ‘सेव्ह अ‍ॅज’ करताना जेपीजी यादीत दिसेनासं झालं. ते ‘सेव्ह अ कॉपी’मध्ये गेलंय, शॉर्टकट कंट्रोल+ऑल्ट+एस. एका अर्थी हे बरंच झालं, कारण पीएसडीवर (लेयर जपणाऱ्या मूळ फाइलवर) जेपीजी सेव्ह करून लेयर घालवून बसायचा धोका कमी झाला.

मराठी अक्षरं तुटतात तेव्हा

इथे दोन वेगवेगळे आजार आहेत आणि औषधंही वेगळी.

पहिला आजार जोडाक्षरांचा. ‘निफाड’ लिहिलं तर वेलांटी ‘न’वर न बसता ‘फ’च्या डोक्यावर जाते, ‘त्र्यंबक’मध्ये पाय मोडलेली सुटी अक्षरं दिसतात. इथे फॉन्ट चांगला असतो, पण अक्षरं जुळवणारी व्यवस्था बंद असते. प्रेफरन्सेसमध्ये ‘टाइप’ उघडा, तिथे ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ हा पर्याय असेल तर तो निवडा आणि फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा. थोड्या जुन्या आवृत्त्यांत याच पर्यायाचं नाव ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ असं आहे. आधी टाइप केलेला मजकूर आपोआप सुधारत नाही. तो लेयर निवडून पॅराग्राफ पॅनेलच्या कोपऱ्यातल्या मेनूतून ‘वर्ल्ड-रेडी सिंगल-लाइन कंपोझर’ लावा.

दुसरा आजार फॉन्टच्या जातीचा. गिऱ्हाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूर युनिकोड (सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण पद्धतीतला) असतो आणि दुकानात वर्षानुवर्षं श्रीलिपीचे जुने फॉन्ट वापरात असतात. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असल्यामुळे युनिकोड मजकुराला तो फॉन्ट लागतच नाही. चौकोन येतात, नाहीतर भलताच फॉन्ट येतो. उलट बाजूने, जुन्या फाइलमधला मजकूर युनिकोड फॉन्टमध्ये टाकला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. कन्व्हर्टरमधून मजकूर बदलून घ्या, पण बदलल्यावर एकदा वाचाच. ‘ऱ्या’, रफार आणि अर्धा श या जागा हमखास फसतात. फॉन्ट तपासायला ‘त्र्यंबक, निफाड, दऱ्या, श्री’ एवढं टाइप करून पाहिलं तरी पुरतं.

काही देवनागरी फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. लग्नपत्रिकेवर ते डोळ्याला खुपतं. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा मोफत फॉन्ट खास मराठी वळणाचा आहे.

प्रेसला फाइल देताना मजकूर जिवंत ठेवू नका. कोरलड्रॉमध्ये कंट्रोल+क्यू करून कर्व्ह करा, फोटोशॉपमध्ये लेयरवर राइट क्लिक करून ‘कन्व्हर्ट टू शेप’ करा. बदलता येईल अशी मूळ फाइल मात्र वेगळ्या नावाने जपा, कारण प्रमुख पाहुणे आदल्या रात्री बदलतात.

फ्लेक्सची फाइल आणि ३०० चा हट्ट

नाशिकमध्ये शालिमारला असो की नाशिकरोडला, दहा बाय चारच्या फ्लेक्सची फाइल ३०० रेझोल्यूशनला (इंचाला ३०० पिक्सेल) करून आणणारे भेटतातच. हिशेब करा. दहा फूट म्हणजे १२० इंच, चार फूट म्हणजे ४८. ३०० ने गुणलं की ३६,००० बाय १४,४०० पिक्सेल. पीएसडीला एका बाजूची मर्यादा ३०,००० पिक्सेलची, म्हणजे फाइल पीएसडीत सेव्हच होणार नाही, पीएसबी (मोठ्या फाइलींचा प्रकार) करावी लागेल. आरजीबीत एकच सपाट लेयर दीड जीबीच्या वर जातो. तीच फाइल ७२ ला केली तर ८,६४० बाय ३,४५६ पिक्सेल, जेमतेम ९० एमबी. आठ-दहा फुटांवरून बघायच्या फ्लेक्सला तेवढी पुरते. हातात धरून वाचायच्या पत्रिकेला आणि द्राक्षाच्या पेटीवरच्या लेबलला मात्र ३०० च हवं.

फोनवर आलेल्या लहानशा फोटोचं ७२ बदलून ३०० केलं की तो ‘एचडी’ होतो, हा गैरसमज फार पसरलाय. इमेज साइजमध्ये ‘रीसॅम्पल’ची टिक काढून आकडा बदला: फोटो तसाच राहतो, फक्त छापील माप लहान होतं. टिक ठेवून बदललात तर सॉफ्टवेअर मधले पिक्सेल अंदाजाने भरतं. मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, व्हॉट्सअ‍ॅप फोटो म्हणून पाठवताना तो दाबून लहान करतं. आणि लेयर लहानमोठा करण्याआधी त्याला ‘स्मार्ट ऑब्जेक्ट’ (मूळ पिक्सेल जपणारा लेयर) करा. नाहीतर लहान करून पक्का केलेला चेहरा परत मोठा केल्यावर धुरकट होतो.

फ्लेक्सच्या चारही कडांना दोन-तीन इंच मोकळे ठेवा. रिंगा आणि लाकडी चौकट तिथेच बसते, आणि शेवटच्या ओळीतला मोबाइल नंबर तिथेच अडकतो.

निळा जांभळा झाला, काळा फुटला

स्क्रीनवरचा गडद निळा छापल्यावर जांभळा येतो, कारण सीएमवायकेत जाताना त्यात मॅजेन्टा फार भरला जातो. सायन १०० असेल तर मॅजेन्टा ६० ते ७० वर आणा, निळा निळाच राहील.

काळ्याची गंमत याहून बारीक आहे. आरजीबीतला काळा फोटोशॉपच्या नेहमीच्या अमेरिकन सेटिंगने बदलला की साधारण सायन ७५, मॅजेन्टा ६८, पिवळा ६७ आणि काळा ९० असा होतो. बेरीज ३००. मोठ्या काळ्या पट्ट्याला ते चालून जातं. पण पत्रिकेतल्या बारीक अक्षरांवर चार शाया एकमेकांवर छापल्या जातात आणि कागद केसभर सरकला तरी अक्षराला रंगीत सावली येते. म्हणून बारीक मजकुराला फक्त काळा १००, बाकी तिन्ही शून्य.

कापून लावलेल्या माणसाभोवती पांढरी किनार दिसत असेल तर लेयर, मॅटिंग, डीफ्रिंज, एक पिक्सेल. केसांपाशी याने काम होत नाही. तिथे ‘सिलेक्ट अँड मास्क’मधलं ‘डीकंटॅमिनेट कलर्स’ वापरा.

अर्जाचा फोटो

३.५ बाय ४.५ सेंटिमीटर म्हणजे ३०० ला ४१३ बाय ५३१ पिक्सेल. चार बाय सहा इंचाच्या कागदावर असे आठ बसतात. हे माप क्रॉप टूलमध्ये एकदा टाकलं की तिथेच राहतं आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा लग्नाचा फोटोही ४१३ पिक्सेलचा होऊन निघतो. काम झालं की पट्टीतलं ‘क्लिअर’ दाबायचं. ऑनलाइन अर्जाला ५० केबीच्या आत फोटो हवा असेल तर नुसती क्वालिटी खाली ओढत बसू नका. ‘सेव्ह फॉर वेब’मध्ये मेटाडेटा ‘नन’ करा. साध्या सेव्हमध्ये फोटोसोबत जाणारी इतर माहितीच बरेच केबी खाते.

गिंपवाल्यांसाठी

गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मराठी जोडाक्षरं काही न करता नीट येतात. ‘सेव्ह’ने एक्ससीएफच (गिंपची स्वतःची फाइल) होणार, जेपीजीसाठी कंट्रोल+शिफ्ट+ई. खोडरबर पारदर्शक न करता पांढरं करत असेल तर लेयर, ट्रान्सपरन्सी, अ‍ॅड अल्फा चॅनल. पिवळ्या-काळ्या तुटक रेषेबाहेर ब्रश चालत नसेल तर ‘लेयर टू इमेज साइज’.

स्क्रॅच डिस्क फुल आणि गेलेली लाइट

फोटोशॉप उघडतानाच ‘स्क्रॅच डिस्क फुल’ (तात्पुरत्या कामाची ड्राइव्ह भरली) म्हणून बंद पडत असेल तर उघडताना कंट्रोल+ऑल्ट धरा, दुसरी ड्राइव्ह निवडायची खिडकी येते. मग सी ड्राइव्हच्या टेम्प फोल्डरमधल्या ‘फोटोशॉप टेम्प’ नावाच्या जुन्या फाइली फोटोशॉप बंद असताना पुसा. मध्येच लाइट गेली की त्या मागे राहतात आणि कित्येक जीबी अडवून बसतात. काम चालू असताना जागा संपली तर एडिट, पर्ज, ऑल. पण त्याने हिस्ट्री पुसली जाते, तेव्हा आधी सेव्ह करा. ‘फाइल हँडलिंग’मधली रिकव्हरीची वेळ मुळात १० मिनिटांची असते. यूपीएस नसेल तर ती ५ वर आणा.

यातलं काहीच लागू पडलं नाही, तर आणि तरच प्रेफरन्सेस पुसा: फोटोशॉप उघडताना कंट्रोल+ऑल्ट+शिफ्ट. त्याआधी अ‍ॅक्शन आणि ब्रश वेगळे सेव्ह करून ठेवा.