नवीन बॉल पायथन घरी आणलाय? आठवडाभर हातच लावू नका

आम्ही डॅलसला राहतो, इथे बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) दुकानात मिळतो. भारतातून वाचत असाल तर आधी हे बघा, देशी साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि बॉल पायथनसारखा परदेशी साप असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

टँक, म्हणजे सापाची काचेची पेटी, साप यायच्या आधीच तयार पाहिजे. एक बाजू ३१-३२ डिग्री, दुसरी २५-२६, ह्युमिडिटी ६० टक्क्यांच्या वर. हीट मॅटला (टँक गरम करणारी विजेची चटई) थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आवरणारं यंत्र, लावल्याशिवाय प्लग घालूच नका, साप भाजतो आणि भाजत असताना तो उठून बाजूला जाईलच असं नाही.

मग लपायच्या जागा, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आफ्रिकेत हा उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात पडून असतो, त्यामुळे अंगाला चहूकडून टेकेल एवढीच अरुंद गुहा हवी, आणि तशा दोन, एक गरम बाजूला एक थंड बाजूला. एकच ठेवली तर बिचारा ऊब सोडून लपतो नाहीतर लपणं सोडून उबेला जातो. समोरची काच सोडून बाकी बाजूंना काळा कागद चिकटवला तरी खूप फरक पडतो.

आता साप आत सोडा आणि विसरून जा. खरंच. पाणी बदला, बाकी सात दिवस काही नाही. मी तिसऱ्याच दिवशी मित्रांना दाखवायला बाहेर काढला, त्याने डोकं आत खुपसून नारळाएवढा गोळा केला स्वतःचा, आणि पुढचे पाच आठवडे उंदराकडे ढुंकून बघितलं नाही.

आठवड्याने पहिलं जेवण. सापाचा सगळ्यात जाड भाग असतो तेवढ्याच जाडीचा फ्रोजन उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून त्याचा बर्फ वितळू द्यायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवायचा (मायक्रोवेव्ह नको, फुटतो), आणि संध्याकाळी लाइट कमी करून लांब चिमट्याने गुहेच्या तोंडाशी धरायचा. नाही खाल्ला तर काढून टाका आणि परत आठवड्यानेच, रोज नाकासमोर नाचवलात तर अजूनच बिथरतो. आणि हो, दूध नाही! नागपंचमीला आईने व्हिडिओ कॉलवर वाटी ठेवलीस का विचारलं होतं, पण साप फक्त पाणी पितो.

दोन-तीन वेळा नीट जेवला की मग हातात घ्या, दहा मिनिटं, वरून झडप घालून नाही, तर बाजूने, मधल्या भागाला आधार देऊन. जेवल्यावर दोन दिवस नाही, डोळे निळसर झाले असतील तरी नाही, तेव्हा कात टाकायची असते आणि त्याला धड दिसत नाही.

दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. मोठा साप महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो, पण वजन उतरायला लागलं किंवा तोंड उघडं ठेवून शिट्टीसारखा श्वास घ्यायला लागला तर सरळ सापांच्या डॉक्टरकडे. आणि वजनकाटा वेगळा घ्या, पोळ्यांचं पीठ मोजायचा नको, आमच्याकडे त्यावरून दोन दिवस अबोला होता.