कोकोपीटमधल्या जरबेराला खत सुरू करायच्या आधीची तयारी

मागच्या लागवडीत ड्रेनचा, म्हणजे कुंडीखालून निथळणाऱ्या पाण्याचा, पीएच मोजायचं राहून गेलं आणि कोवळी पानं पिवळी पडल्यावर पळापळ झाली, म्हणून या वेळी सगळं आधीच लिहून ठेवतोय. कुंड्या, ड्रिपर, फिल्टर हे माहितीच आहे. कोकोपीट धुतलेलं आणि बफर केलेलंच (कॅल्शियमच्या द्रावणात भिजवून त्यातलं जास्तीचं सोडियम-पोटॅशियम काढलेलं) घ्या, स्वस्तातलं नको. पीएच मीटरसोबत मीटर जुळवायला ४ आणि ७ पीएचचं बफर सोल्युशन घ्याच, कॅलिब्रेट न केलेल्या मीटरवर विसंबू नका.

बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट काढा आणि त्यात नुसता पीएच बघून सोडू नका, बायकार्बोनेट किती ते बघा, कारण कोकोपीटचा पीएच हळूहळू वर नेणारं तेच असतं.

आता खतं. पोत्यावर नत्र कुठल्या रूपात आहे ते वाचा, अर्धा खेळ तिथेच आहे. अमोनियम घेताना मूळ हायड्रोजन आयन बाहेर टाकतं, वर जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करताना आणखी आम्ल तयार होतं, त्यामुळे अमोनियम सल्फेट, १२:६१:० (मोनो अमोनियम फॉस्फेट) ही पीएच खाली आणतात. १०० किलो अमोनियम सल्फेटची आम्लता मारायला साधारण ११० किलो चुनखडी लागते, यावरून अंदाज घ्या. युरियाही शेवटी तिकडेच नेतो, फक्त उशिरा. कॅल्शियम नायट्रेट आणि १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) चं उलट, झाड नायट्रेट उचलतं तसा पीएच वर सरकतो.

आणि हे सगळं मुळाशी घडतं, टाकीत नाही! मागच्या वेळी टाकीत पीएच ५.८ दिसत होता म्हणून मी निवांत, ड्रेन तपासला तर ७.२. तोवर पिवळ्या पानांसाठी लोह द्यायचा सपाटा लावला होता, पण ईडीटीएवालं चिलेट (लोह विरघळलेलं ठेवणारं संयुग) ६.५ पीएचच्या वर टिकत नाही, ते वायाच गेलं. म्हणून ड्रेन मोजा. सकाळच्या पाण्यानंतर वेगवेगळ्या बेडवरच्या चार-पाच कुंड्यांखाली स्वच्छ वाट्या ठेवा, डिस्टिल्ड वॉटरने धुतलेल्या, जमलेलं पाणी लगेच मोजा, दुपारपर्यंत ठेवून नको. आठवड्यातून दोनदा तरी, आणि टाकीचा आकडा शेजारी लिहा. टाकी मोजली म्हणजे ड्रेन मोजला असं होत नाही, परत सांगतो.

ड्रेनचा पीएच ५.५ ते ६ च्या आसपास ठेवायचाय. वर जायला लागला तर अमोनियमचा वाटा थोडा वाढवा, थोडाच, थंडीत तर हात आखडताच, कारण गारठ्यात जिवाणू मंदावतात आणि अमोनियम साचून मुळांना त्रास होतो. ५ च्या खाली गेला तर अमोनियम बंद, कॅल्शियम नायट्रेटवर या, नाहीतर मँगनीज जास्त होऊन पानं खराब होतील.

बाकी पटकन: ए टाकीत कॅल्शियम नायट्रेट, बी मध्ये सल्फेट-फॉस्फेट, एकत्र केलं की साका. ॲसिड पाण्यात ओता, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, गॉगल-ग्लोव्हज घालून. ईसीची (पाण्यातल्या क्षारांच्या मापाची) नोंद. आणि ड्रेनच्या वाट्या आजच आणून ठेवा.