घराबाहेरची ड्रेनेज लाईन तुंबली, तर खर्च कोणाचा?

पैशांची चर्चा सुरू करण्याआधी लाईन नेमकी कुठे तुंबली किंवा फुटली आहे, ते पक्कं करा. ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, सगळा वाद त्या एका जागेवर ठरतो.

कुंपणाबाहेर गेलं की सगळं पालिकेचं, हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार जी मलवाहिनी एकाच मिळकतीच्या किंवा मिळकतींच्या एका गटाच्या वापरासाठी आहे, तिची देखभाल मालकांकडे असते, मग ती रस्त्याखालून का जात असेना. रस्त्यातली मुख्य लाईन आणि तिचे मॅनहोल पालिकेचे. म्हणजे तुमच्या आवारातल्या शेवटच्या चेंबरपासून (झाकण असलेल्या तपासणी-खड्ड्यापासून) मॅनहोलपर्यंतचा जोडही तुमचाच.

आता तपासणी. आवारातली चेंबरं ओळीने उघडा. वरचं, म्हणजे घराजवळचं चेंबर भरलेलं आणि शेवटचं कोरडं असेल, तर अडथळा आवारातच आहे. शेवटचं चेंबर तुडुंब, पण रस्त्यातल्या मॅनहोलमध्ये पाणी नीट वाहतंय, तर जोड तुंबलाय. मॅनहोलही भरलेलं असेल, तर मुख्य लाईन चोक आहे. अशा वेळी प्लंबरला पैसे देऊ नका, विभाग कार्यालयात किंवा प्रभाग समितीत तक्रार करून क्रमांक घ्या. रस्त्यातलं झाकण पालिकेच्या माणसांकडूनच उघडून घ्या. आणि कोणालाही चेंबरमध्ये उतरवू नका. तिथला वायू काही क्षणांत जीव घेतो, आणि संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं हाताने मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. जेटिंग (पाण्याचा जोरदार मारा) आणि सक्शनची (मैला ओढून घेणारी) गाडी बोलवा.

सोसायटी असेल तर आवारातली सामायिक लाईन आणि बाहेरचा जोड दोन्ही सोसायटीच्या खर्चात. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, ड्रेनेज लाईनचा तसा उल्लेख आहे. मैला तळमजल्याच्या घरात उलटा येतो म्हणून बिल तळमजल्याच्या माथी मारणं सरळ अन्याय आहे, कारण ते पाणी वरच्या सगळ्या मजल्यांचं असतं. नवी मुंबईतल्या रो-हाऊसमध्ये दोन-चार घरांचं चेंबर एकच असतं. तिथे अडथळा सामायिक भागात असेल तर खर्च वाटून घ्यावा, त्याच्या आधी एखाद्या घराच्या शाखेत असेल तर त्या घराने करावा.

केबल, गॅस किंवा रस्त्याच्या कामात पाईप फुटला असेल, तर भरपाई काम करणाऱ्याकडून मागता येते, पण पुरावा खड्डा उघडा असेपर्यंतच असतो. फुटलेल्या पाईपचे मोजायची टेप लावून फोटो काढा, काम करणाऱ्याच्या फलकाचा फोटो घ्या, त्याच दिवशी त्याला आणि पालिकेला लेखी पत्र देऊन पोच घ्या. खड्डा बुजल्यावर 'पाईप आधीच जुना होता' हे उत्तर ठरलेलं.

जोड तुमच्या खर्चात दुरुस्त करायचा, तर रस्ता खोदाईची परवानगी आधी लागते. तिच्यासोबत रस्ता पुनर्भरणाचं शुल्क येतं, आणि ते कधी कधी पाईपकामापेक्षा जड जातं. कोटेशनमध्ये खोदाई, पाईप, चेंबर दुरुस्ती, राडारोडा उचलणं आणि हे शुल्क वेगवेगळं लिहून घ्या. पावसाळ्यात परवानगी सहसा मिळत नाही, म्हणून चेंबरं मार्चमध्येच तपासलेली बरी.

१५० मिमी पाईपला साधारण १:६० उतार हवा, म्हणजे ६ मीटरला १० सेंमी. उतार कमी पडला की घन मैला मागे राहतो आणि काही महिन्यांत पुन्हा तेच. जुन्या चिनी मातीच्या पाईपला नवा पीव्हीसी नुसत्या सिमेंटने जोडला, तर सांधा लवकर सुटतो आणि तिथूनच झाडाची मुळं शिरतात. दोन वेगळे पाईप जोडणारं योग्य कपलिंग वापरायला लावा. पाईपखाली वाळूचा थर हवा, दगडावर टेकलेला पाईप गाडीच्या वजनाने तडकतो. माती टाकण्यापूर्वी वरच्या चेंबरमधून बादल्या ओतून प्रत्येक सांधा डोळ्यांनी पाहा, आणि ठेकेदाराचं शेवटचं बिल त्यानंतरच चुकवा.